थाळनेरचा पाडाव व किल्ल्यावरील आज्ञेची वाट

दूर पल्ल्याच्या अग्न्यस्त्रांपासून बचाव कसा करावा, हा प्रश्न अगदीं अर्वाचीन आहे असें सामान्यतः समजतात. इ. स. २००६ च्या २७ नोव्हेंबर रोजीं ओडिशाच्या किनाऱ्यावर सोडलेलें एक पृथ्वी क्षेपणास्त्र व्हीलर बेटावरून उडालेल्या दुसऱ्या अस्त्रानें आकाशांतच गांठलें. अशा बचावांत येणारें अस्त्र रडारास दिसणें, त्याचा रोख ठरणें व प्रतिमाऱ्याची आज्ञा सुटणें हें सर्व थोड्या मिनिटांत उरकावें लागतें. यंत्रें नवीं असलीं तरी पाहणारा, ठरविणारा व मारा करणारा या तिघांना जोडणारी निरोपाची वाट ही बाब जुनीच आहे. ती तुटली म्हणजे तट व तोफा असून नसल्यासारख्या होतात. याचें एक उदाहरण आपल्या खानदेशांतच, धुळें जिल्ह्यांतील थाळनेरास घडलेलें आहे.

फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याचें हें ठाणें. त्या घराण्याच्या कबरी तेथें आहेत. किल्ल्याच्या एका अंगास तापीचें पात्र, बाकीच्या बाजूंस खोलगट जागा, आंत जाण्यास वाट एकच, आणि तिच्यावर एकामागून एक असे पांच दरवाजे. बाहेरून येणाऱ्या गोळ्यास ही रचना चांगली. परंतु आंतून बाहेर व बाहेरून आंत निरोप जाण्यास तितकीच अडचणीची.

२१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपुरास होळकरांच्या फौजेचा मोड झाला व ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख इंग्रजांस गेला. थाळनेर त्यांतच आलें. तहानंतर ५२ व्या दिवशीं, २७ फेब्रुवारीस, सर टॉमस हिस्लॉप याची फौज किल्ल्याजवळून जाऊं लागली असतां तटावरून तोफ सुटली. प्रतिकार केल्यास बंडखोर समजूं, असें हिस्लॉपनें किल्लेदार तुळशीराम मामा यास कळविलें आणि मग सहापौंडी तोफा व हॉवित्झर लावून मारा सुरू केला. इंग्रजांजवळ थोडे बाणही होते. (आपल्या जुन्या कागदांत ज्यास बाण म्हणतात तेंच हें अस्त्र. श्रीरंगपट्टणास टिपूच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांचा अनुभव आल्यावर काँग्रीव्हनें त्याची विलायती आवृत्ति काढली. ती आतां आमच्याच किल्ल्यांवर परत आली होती.)

मारा चालू असतां किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. तेवढ्यानें प्रकरण मिटावयास हवें होतें. पुढचे दरवाजे इंग्रजांच्या हातीं लागले. शेवटच्या दरवाजाची दिंडी उघडून कर्नल मरे, मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर व दोनतीन शिपाई आंत शिरले. आंत शिबंदींतील अरब हत्यारबंद उभे. हत्यारें ठेवण्याविषयीं बोलणें चाललें, पण एकास दुसऱ्याची भाषा समजेना. कोणी कोणाच्या हत्यारास हात घातला, आणि क्षणांत कापाकापी झाली. गॉर्डन व मॅकग्रेगर पडले, मरे जबर जखमी झाला. मग बाहेरची फौज आंत घुसली व सुमारें ३०० लोकांची कत्तल झाली. त्याच दिवशीं किल्लेदारास बुरुजावर फांशीं दिलें.

माझ्या मतें येथें आज्ञेची वाट दोन ठिकाणीं तुटली. पहिली, होळकर दरबार व किल्लेदार यांच्यामध्यें. किल्ला सोडण्याची धन्याची आज्ञा त्याचे हातीं पडली होती कीं नाहीं, यावर तो बंडखोर कीं इमानी चाकर हें ठरतें. शत्रूच्या तोंडून तहाची वार्ता कळणें ही कांहीं धन्याची आज्ञा नव्हे. दुसरी वाट तुटली ती किल्लेदार व शेवटचा दरवाजा यांच्यामध्यें, आणि तीच घातक ठरली. तो स्वतः बाहेर आला, पण त्याचा हुकूम आंत राहिलेल्या चौकीस पोंचला नाहीं. शिवकालीन किल्ल्यांवर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी असत; एक बाहेर गेला म्हणून किल्ला निर्नायकी होत नसे. उत्तर मराठेशाहींतील भाडोत्री शिबंदी मात्र आपल्या जमादारास ओळखी, किल्लेदारास नाममात्र.

तोफ प्रथम डागली हा दोष किल्लेदाराकडे येतो, तो मी झांकीत नाहीं. परंतु आंतील चकमक झाली तेव्हां तो इंग्रजांच्या ताब्यांत होता; त्या चकमकीचा जाब त्याजकडे मागणें न्यायाचें नव्हे. खुद्द विलायतेंतही हें अनेकांस खटकलें. १८१९ सालीं पार्लमेंटांत हिस्लॉपचे आभार मानण्यांत आले, तेव्हां या ठरावानें थाळनेरच्या फांशीस संमति दिली असें समजूं नये, असें स्पष्ट करावें लागलें.

संग्राहकांस एक विनंती आहे. होळकर दरबारांतून खानदेशांतील किल्लेदारांस लिहिलेलीं १८१८ च्या आरंभींचीं ताकीदपत्रें ज्यांच्या रुमालांत असतील, त्यांनीं नक्कल करतांना केवळ मजकूर उतरून थांबूं नये. पाठीमागें पत्र पोंचल्याचा चंद्र व तारीख यांचा बारीक शेरा असतो, आणि नकलकार तो बहुधा गाळतात. थाळनेरच्या बाबतींत मजकुरापेक्षां त्या शेऱ्याची किंमत अधिक आहे.