तोकुगावा शोगुनशाही

तोकुगावा शोगुनशाही : (१६०३–१८६८). जपानमधील सरंजामी योद्धावर्गाच्या सत्तेचा अखेरचा कालखंड. या सत्तेचे केंद्र एडो (आधुनिक टोकिओ) येथे असल्यामुळे त्यास ‘एडो काल’ असेही म्हणतात. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून जपानची प्रत्यक्ष सत्ता क्योतो येथील सम्राटाकडून लष्करी सरदारांच्या हाती गेली होती. सम्राटाने एखाद्या प्रबळ सरदारास ‘शोगुन’ म्हणजे सेनापती ही पदवी द्यावी आणि त्याने सम्राटाच्या नावे राज्य करावे, अशी ही पद्धत होती. कामाकुरा (११९२–१३३३) व आशिकागा (१३३८–१५७३) या तोकुगावांपूर्वीच्या शोगुनशाह्या होत. तोकुगावा घराण्याने देशाला अडीचशे वर्षांची शांतता दिली. परंतु ज्या उपायांनी ही शांतता टिकविली, त्याच उपायांनी राज्यकर्त्या सामुराई वर्गाचे बळ हळूहळू नष्ट केले. हा अंतर्विरोध या कालखंडाच्या राजकीय, आर्थिक व सांस्कृतिक इतिहासाच्या मुळाशी आहे.

स्थापना : ओनिन युद्धापासून (१४६७–७७) जपानमध्ये शतकाहून अधिक काळ सरदारांची यादवी माजली होती. ओदा नोबुनागा (१५३४–८२) व तोयोतोमी हिदेयोशी (१५३७–९८) यांनी देशाच्या एकीकरणाचे कार्य केले. हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि जमिनीची मोजणी करविली. त्यामुळे शेतकरी व योद्धा यांच्यातील भेद कायमचा झाला. हिदेयोशीच्या मृत्यूनंतर तोकुगावा इएयासू (१५४३–१६१६) याने सेकिगाहाराच्या लढाईत (१६००) प्रतिस्पर्ध्यांचा पराभव केला. १६०३ मध्ये त्यास शोगुनपद मिळाले. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला घेऊन त्याने तोयोतोमी घराण्याचा शेवट केला.

राज्यव्यवस्था : किमान दहा हजार कोकू उत्पन्नाच्या प्रदेशाच्या अधिपतीस ‘दाइम्यो’ म्हणत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतके धान्य, असा त्याचा अर्थ होता. दाइम्योंची संख्या साधारणपणे २६० ते २७० असे. शोगुनचे आप्त (शिंपान), पूर्वापार निष्ठावंत (फुदाई) व सेकिगाहारानंतर शरण आलेले (तोझामा), असे त्यांचे तीन वर्ग होते. तोझामा दाइम्योंना बहुधा राजधानीपासून दूरचे प्रदेश मिळाले आणि शासनाची मोठी पदे फुदाई वर्गाकडे राहिली. १६१५ च्या नियमावलीनुसार शोगुनच्या अनुमतीशिवाय दाइम्योंना किल्ले दुरुस्त करण्यास वा विवाहसंबंध जोडण्यास बंदी होती. सम्राटाचा दरबारही स्वतंत्र नियमांनी बांधला गेला.

या नियंत्रणाचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे ‘सांकिन-कोताई’ ही पद्धत. तिसरा शोगुन इएमित्सू याने १६३५ मध्ये ती दाइम्योंवर बंधनकारक केली. दाइम्योने सामान्यतः एक वर्ष स्वतःच्या प्रदेशात व एक वर्ष एडो येथे राहावे आणि त्याची पत्नी व वारस यांनी एडोतच वास्तव्य करावे, असा हा दंडक होता. कुटुंब ओलीस राहिल्याने बंड करणे अवघड झाले. हाकोने येथील नाक्यावर एडोकडे जाणाऱ्या बंदुका व एडोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया यांची विशेष तपासणी होई. कागा प्रांताच्या माएदा घराण्याच्या लवाजम्यात काही वेळा दोन हजारांहून अधिक माणसे असत. हा प्रवास आणि एडोतील वाडे यांवर दाइम्योंच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग खर्ची पडे.

परराष्ट्र धोरण : फ्रान्सिस झेव्हिअर हा जेझुइट धर्मप्रचारक १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमा येथे उतरला. त्याच्यामागून आलेल्या धर्मप्रचारकांमुळे क्यूशू बेटात ख्रिस्ती धर्म झपाट्याने पसरला. ही निष्ठा शोगुनच्या अधिकारापलीकडची आहे, अशा शंकेने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घालण्यात आली. शिमाबाराच्या उठावानंतर (१६३७–३८) पोर्तुगीजांना हद्दपार केले गेले (१६३९) आणि डचांना नागासाकीजवळील देजिमा या कृत्रिम बेटावर ठेवण्यात आले (१६४१). या धोरणास ‘साकोकू’ म्हणजे देशबंदी म्हणतात; मात्र हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे. चिनी व्यापारी नागासाकीला येत, कोरियाशी त्सुशिमामार्फत व रियुक्यू बेटांशी सात्सुमामार्फत संबंध होते. त्यामुळे अलीकडील इतिहासकार यास पूर्ण अलगपणा न मानता नियंत्रित संपर्क मानतात. १७२० मध्ये पाश्चात्त्य विषयांवरील ग्रंथांची बंदी शिथिल झाली आणि १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू व त्याचे सहकारी यांनी शरीररचनाशास्त्रावरील डच ग्रंथाचे जपानी भाषांतर प्रसिद्ध केले.

समाज व अर्थव्यवस्था : सामुराई, शेतकरी, कारागीर व व्यापारी अशी उतरती श्रेणी कन्फ्यूशसच्या विचारानुसार मानली जाई. प्रत्यक्षात मुख्य भेद सामुराई आणि इतर यांच्यात होता. शांततेच्या काळात सामुराई गाव सोडून किल्ल्याभोवतीच्या नगरांत राहू लागला. त्याच्या कमरेस दोन तलवारी असत. परंतु काम मात्र हिशेब, पत्रव्यवहार व पहारा यांचे असे. त्याचे वेतन तांदळाच्या रूपात ठरलेले होते, तर नगरातील खर्च रोख पैशाचा होता. तांदूळ विकून देणाऱ्या अडत्यांकडे त्याला पुढील वर्षांचे वेतन गहाण ठेवावे लागे. दाइम्योंचा तांदूळ ओसाका येथील वखारींत येई. तेथील दोजिमा बाजारात तांदळाच्या वायद्याचे सौदे होत. या व्यवहारांना १७३० मध्ये शोगुनने मान्यता दिली. श्रेणीत सर्वांत खालचा मानलेला व्यापारी अशा रीतीने राज्यकर्त्यांचा सावकार झाला. १७०५ मध्ये योदोया या ओसाकातील धनाढ्य घराण्याची मालमत्ता जप्त करण्यात आली आणि १७८९ मध्ये शोगुनच्या सामुराईंची अडत्यांकडील जुनी कर्जे रद्द झाली. पण दुखण्याचे मूळ कायम राहिले. या साऱ्या व्यवस्थेचा भार शेवटी शेतकऱ्यावर पडे. तेनमेई (१७८२–८८) व तेनपो (१८३३–३७) या दुष्काळांत असंख्य लोक मृत्युमुखी पडले. १८३७ मध्ये ओशिओ हेइहाचिरो या निवृत्त सामुराई अधिकाऱ्याने ओसाकातील गरिबांच्या बाजूने उठाव केला.

संस्कृती : अठराव्या शतकात एडोची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. नगरवासीयांच्या आश्रयाने, विशेषतः गेनरोकू काळात (१६८८–१७०४), नवी संस्कृती बहरली. इहारा साइकाकू (१६४२–९३) याने व्यापाऱ्यांच्या धनलोभाच्या व विलासाच्या कथा लिहिल्या. चिकामात्सू मोन्झाएमोन (१६५३–१७२५) याने कर्तव्य व भावना यांच्या संघर्षावर बाहुलीनाट्ये व काबुकी नाटके रचली. सामुराई कुळात जन्मलेल्या मात्सुओ बाशो (१६४४–९४) याने हायकूस गंभीर काव्याची प्रतिष्ठा दिली. होकुसाई (१७६०–१८४९) व हिरोशिगे (१७९७–१८५८) यांची काष्ठठसा चित्रे सर्वसामान्यांना परवडत. दाइम्योंच्या सक्तीच्या प्रवासासाठी राखलेला एडो–क्योतो मार्ग व त्यावरील ५३ ठाणी हाच हिरोशिगेच्या विख्यात चित्रमालिकेचा विषय होय.

ज्याला ‘बुशिदो’ म्हणजे योद्ध्याचा धर्म म्हणतात, त्याची तात्त्विक मांडणीही बहुतांशी याच युद्धविरहित काळात झाली. यामागा सोको (१६२२–८५) याने सामुराईने समाजापुढे नीतीचा आदर्श ठेवावा असे प्रतिपादिले. निष्ठा व कायदा यांतील पेच १७०१–०३ मधील आको प्रकरणात उघड झाला. शोगुनच्या किल्ल्यात शस्त्र उपसल्याबद्दल आकोच्या दाइम्योस प्राणदंड झाला. त्याच्या रोनिनांनी म्हणजे स्वामीविहीन झालेल्या सामुराईंनी स्वामीच्या शत्रूस ठार मारले. स्वामिनिष्ठा म्हणून हे कृत्य वंद्य, परंतु राज्याच्या दृष्टीने तो कायदाभंग होता. शेवटी ४६ जणांना सन्मानपूर्वक ‘सेप्पुकू’ म्हणजे पोट चिरून आत्मबलिदान करण्याची आज्ञा झाली. या घटनेवरील नाटक (१७४८) चौदाव्या शतकातील कथानक म्हणून रचावे लागले. कारण समकालीन सामुराईंच्या घटना रंगभूमीवर आणण्यास मनाई होती.

अखेर : १८५३ मध्ये अमेरिकन नौसेनापती पेरी युद्धनौकांसह एडोच्या उपसागरात आला. १८५४ व १८५८ च्या तहांनी परकीयांना बंदरे खुली झाली आणि परकीयांना थोपविण्यास शोगुन असमर्थ असल्याचे स्पष्ट झाले. १८६२ मध्ये सांकिन-कोताईचा दंडक शिथिल होताच दाइम्योंवरील पकड ढिली पडली. सात्सुमा व चोशू या तोझामा प्रांतांतील सामुराईंनी सम्राटाचा पक्ष घेतला. शोगुन योशिनोबू याने १८६७ मध्ये सत्ता सम्राटास परत केली आणि १८६८ मध्ये मेजी राजवट सुरू झाली. या सत्तांतराचे नेते स्वतः सामुराईच होते. तथापि दाइम्योंचे प्रांत (१८७१) व सामुराईंची वेतने आणि तलवार बाळगण्याचा हक्क (१८७६) त्यांच्याच शासनाने रद्द केले. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदाही त्यांनीच केला (१८७३). या कायद्यानुसार भरती झालेल्या, बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील सैनिकांच्या फौजेने १८७७ मध्ये सात्सुमाच्या सामुराईंचे अखेरचे बंड मोडले. योद्धा व शेतकरी यांच्यात हिदेयोशीने घातलेली सीमा अशा रीतीने जवळजवळ तीन शतकांनी पुसली गेली.