लेझर प्रोजेक्टर आणि साडेतीनशे वर्षांचा अंधार



गेल्या काही दिवसांत तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "हॉलमध्ये थिएटर करायचंय, त्यावरच गेमिंगही करायचंय. अडीच-तीन लाखांचा लेझर प्रोजेक्टर ईएमआयवर घेऊ का?" आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट, इथे खरेदीचा सल्ला कशाला? तर त्याचं कारण असं, की त्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांमध्ये नवीन प्रश्न जवळजवळ एकही नाही. ल्युमेन, कॉन्ट्रास्ट, रंग, रिफ्रेश रेट या सगळ्यांशी माणसं कित्येक पिढ्या झगडत आली आहेत. त्यांनी काय शोधलं हे कळलं, की खोक्यावरचा कुठला आकडा कामाचा आणि कुठला नुसता दिखाव्याचा, हे आपलं आपल्यालाच कळतं.

मी स्वतः ठाण्याला एका मित्राच्या हॉलमध्ये तीन रंगांचे तीन लेझर असलेला एक महागडा प्रोजेक्टर चार संध्याकाळी वापरून पाहिला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा मॉडेलचा नाहीच. चला, सुरुवातीपासून बघू.

आधी अंधार, मग दिवा

१६५९ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने भिंग, दिवा आणि काचेवरचं चित्र एकत्र करून भिंतीवर मोठी प्रतिमा पाडणारं यंत्र बनवलं. मॅजिक लँटर्न म्हणतो ते हेच. शनीच्या कड्यांचं कोडं सोडवणारा हा माणूस, पण या खेळण्याची त्याला चक्क लाज वाटायची. वडिलांना ते फ्रान्सच्या दरबारात दाखवायचं होतं, तेव्हा १६६२ मध्ये त्याने भावाला कळवलं, की यंत्र पोचलं की भिंगं काढून ठेव, म्हणजे ते चालणारच नाही!

पुढे १७९० च्या दशकात पॅरिसमध्ये रॉबर्टसन या नावाने खेळ करणाऱ्या एतियेन-गास्पार रोबेरने याच कंदिलातून भुतं दाखवायला सुरुवात केली. काळोख्या जुन्या मठात प्रेक्षक बसायचे, पडद्यामागे चाकांवरचा कंदील पुढे-मागे व्हायचा आणि भूत अंगावर आल्यासारखं वाटायचं. त्याची खरी युक्ती मात्र साधी होती. काचेवर भुताच्या आकृतीभोवतीचा सगळा भाग काळ्या रंगाने बंद केलेला असायचा. त्यामुळे पडद्यावर चित्राची चौकट दिसायचीच नाही, आकृती थेट अंधारात तरंगायची.

आजच्या भाषेत याला ब्लॅक लेव्हल म्हणतात. दिवा मिणमिणता असूनही लोक किंचाळायचे, कारण काळा भाग खरोखर काळा होता.

आपल्याकडेही हेच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांभरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, पौराणिक कथा आणि सोबत निवेदन. मुंबईत सिनेमा यायला अजून चार वर्षं होती. नंतर जत्रेतले तंबू आले, गणपतीत गल्लीत दोन बांबूंना पडदा बांधून दाखवलेले सिनेमे आले. आईबाबांना विचारा, खेळ कधी सुरू व्हायचा? अंधार पडल्यावर. वेळ घड्याळ नाही, काळोख ठरवायचा.

आता हॉलमध्ये येऊ. खोक्यावर लिहिलंय "कॉन्ट्रास्ट दहा लाखास एक". पण प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो फक्त उजेड न टाकता थांबू शकतो. म्हणजे तुमचा सगळ्यात गडद काळा रंग म्हणजे दिवा लावलेल्या खोलीत पांढरा पडदा जेवढा उजळ दिसतो, तेवढाच.

हिशोब करू. १०० इंची पडदा म्हणजे साधारण २.२ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच, क्षेत्रफळ अंदाजे २.७६ चौरस मीटर. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर सुमारे ३४५ निट उजेड देईल. निट म्हणजे पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो त्याचं माप. ट्यूबलाइट चालू असताना पडद्यावर १०० लक्स उजेड पडत असेल, तर तुमचा "काळा" रंगच होतो ३२ निट. म्हणजे उजळ आणि काळा यांच्यात फरक उरला जेमतेम बारा पट! दहा लाख गेले कुठे? ट्यूबलाइटमध्ये.

मित्राच्या हॉलमध्ये नेमकं हेच दिसलं. दिवे चालू असताना रात्रीचा सीन म्हणजे राखाडी धुकं. दिवे बंद केले, पडदे ओढले, आणि तेच यंत्र थिएटर झालं. तरीही एक गोष्ट खटकत राहिली. उजळ सीन आला, की पांढरं छत आणि पांढऱ्या भिंती तो उजेड परत पडद्यावर टाकायच्या. त्यावर उपाय लाखाचा नाही, गडद रंगाच्या डब्याचा आहे.

ल्युमेनची शर्यत

पूर्वी उजेडासाठी माणसं जीव धोक्यात घालत होती. तेलाचा दिवा पुरेना, म्हणून एकोणिसाव्या शतकात चुन्याचा खडा ज्योतीत तापवून लाइमलाइट आला. सिनेमाच्या सुरुवातीला ईथर आणि ऑक्सिजनवर चालणारे दिवेही वापरले जायचे. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधल्या एका धर्मादाय बाजारात अशा दिव्यात ईथर भरताना भडका उडाला आणि १२६ माणसं मेली. नंतर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटती ठेवणारा आर्क दिवा रुळला. कांड्या जळत जायच्या आणि ऑपरेटर त्या सतत जवळ आणत बसायचा. १९५० च्या दशकात झेनॉन दिवा आला, तेव्हा कुठे ती कटकट संपत गेली.

एवढ्या धडपडीनंतर थिएटरने स्वतःसाठी किती उजेड ठरवला, माहितीये? पडद्यावर ४८ निट. बस्स. तुमच्या फोनचा ब्राइटनेस यापेक्षा कितीतरी वर जातो. पूर्ण अंधारात १०० इंची पडद्यावर ४८ निट मिळवायला लागतात साधारण ४२० ल्युमेन. १२० इंचाला ६००.

मग ३,००० ल्युमेन कशाला? दोन कारणं. एक, एचडीआर चित्रातला चकाकणारा भाग खरंच चकाकावा म्हणून. दुसरं, खोलीत अंधार नाही म्हणून. पहिल्या कारणासाठी पैसे दिलेत तर ठीक. दुसऱ्यासाठी देत असाल, तर आधी जाड पडद्यांचा भाव विचारून या. आणि आकडा बघताना तो एएनएसआय किंवा आयएसओ ल्युमेन आहे का, ते बघा. मोजमापाचं नाव न घेता नुसतेच हजारोंचे आकडे असतील, तर त्यावर विश्वास नको.

रंगांचं शतकभर जुनं दुखणं

लेझरचा खरा पराक्रम रंगांत आहे. थिओडोर मेमनने १९६० मध्ये पहिला लेझर पेटवला, तो माणकाचा, लाल. निळा लेझर डायोड यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं आणि त्यानंतर प्रोजेक्टरात लेझर येणं शक्य झालं. आज बाजारात दोन जाती आहेत. निळा लेझर आणि पिवळा फॉस्फर ही एक, आणि लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे लेझर ही दुसरी, महागडी. तीन लेझरवाल्याचे लाल आणि हिरवे रंग खरोखर थक्क करतात. पण बहुतेक सिनेमे ज्या रंगमर्यादेत तयार होतात, ती यापेक्षा लहानच असते. त्यामुळे जादा रंग नेहमी सिनेमातले असतात असं नाही, कधीकधी यंत्रानेच ते भडक केलेले असतात. माणसाच्या त्वचेचा रंग बघा. माणसं उन्हाने भाजल्यासारखी दिसली, तर सिनेमा मोड लावा.

अजून दोन दोष तपासा. पहिला स्पेकल. लेझरच्या लहरी इतक्या शिस्तीत येतात, की पडद्याच्या खडबडीत पृष्ठभागावर आपटून वाळूसारखे चमचमते कण दिसतात. आकाश, बर्फ, लाल पाटी अशा सपाट रंगांवर ते पटकन कळतात.

दुसरा दोष इंद्रधनुष्याचा. स्वस्तातल्याच नाही, अनेक महाग डीएलपी प्रोजेक्टरांतही एकच चिप असते. ती लाल, हिरवं, निळं चित्र एकापाठोपाठ एक इतकं झरझर दाखवते, की मेंदू ते एकत्र जोडतो. पण नजर झटकन फिरली, की काहींना कडांवर रंगीत रेघा दिसतात. हे दुखणं किनेमाकलर इतकं जुनं आहे. १९०८-०९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आलेल्या या पद्धतीत लाल आणि हिरवी फ्रेम आळीपाळीने दाखवायचे. डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार त्यातच चित्रित झाला आणि १९१२ मध्ये लंडनकरांनी तो रंगीत पाहिला. पण पळणारा घोडा असो की हलणारा झेंडा, कडेला लाल-हिरवी झालर दिसायचीच. तेव्हा दुकानात डेमो बघताना पांढऱ्या अक्षरांची श्रेयनामावली लावा आणि नजर डावी-उजवीकडे फिरवा. घरातल्या सगळ्यांना करायला सांगा, कारण एकाला दिसतं आणि दुसऱ्याला अजिबात नाही.

हालचाल, आणि बोट दाबल्यापासूनचा उशीर

७ जुलै १८९६. मुंबईचं वॉटसन हॉटेल. ल्युमिएर बंधूंच्या यंत्रातून सहा छोटे चित्रपट दाखवले गेले, तिकीट एक रुपया. हाताने फिरवायचं ते यंत्र सेकंदाला साधारण १६ चित्रं दाखवायचं. एवढ्यावर पडदा भयंकर लुकलुकतो. त्यावर पुढे उपाय निघाला, की उजेडासमोर फिरणाऱ्या झडपेला तीन पाती लावायची, म्हणजे एकच चित्र तीनदा चमकतं आणि डोळ्यांना ४८ चमका मिळतात. नवीन चित्र एकही नाही, तरी डोळा शांत! बोलपट आल्यावर वेग २४ वर ठरला आणि पाती दोन झाली. गुणाकार तोच, ४८.

लक्षात घ्या, चमका किती आणि नवी चित्रं किती हे दोन वेगळे आकडे आहेत. "२४० हर्ट्झ" लिहिलेलं यंत्र तुमच्या कन्सोलकडून ६० किंवा १२० चित्रंच घेत असेल. आणि तो वेगही अनेकदा फोर-के सोडून फुल एचडीवर मिळतो. कुठल्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ, हा तक्ता मागून घ्या.

सिनेमाला कधीच न पडलेला प्रश्न गेमिंगला पडतो, तो म्हणजे उशीर. शांभरिक खरोलिकेत काच बदलणारा आणि निवेदन करणारा यांचा मेळ बसायलाच हवा. हनुमानाने उडी मारली म्हणताना तो अजून जमिनीवर असेल तर हसंच होणार. गेममध्ये निवेदक तुम्ही आहात आणि काच बदलणारं यंत्र आहे. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. यंत्राने ५० मिलिसेकंद घेतले, तर तुम्ही तीन फ्रेम मागे आहात. शूटिंग किंवा फायटिंग गेममध्ये तेवढ्यात तुमचा खेळ खलास.

मित्राच्या घरी प्रोजेक्टर थोडा तिरका ठेवून चित्र कीस्टोनने सरळ केलं होतं. गेमिंग मोड लावूनही कंट्रोलर जड वाटत होता. यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवलं, कीस्टोन आणि चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग बंद केली, आणि खेळ लगेच हलका झाला. म्हणजे गेमिंगसाठी हॉलमध्ये यंत्र सरळ बसायला जागा आहे का, हाच पहिला प्रश्न.

ऑपरेटर गेला, आता जबाबदारी कुणाची?

१९८७ मध्ये लॅरी हॉर्नबेकने केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान आरसे हलवणारी चिप बनवली. जून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मोजक्या थिएटरांत 'स्टार वॉर्स' फिल्मच्या रिळाशिवाय दाखवला गेला. मग रीळ गेलं, कांड्या गेल्या आणि हळूहळू ऑपरेटरही गेला.

खोक्यावर लिहितात "आयुष्य २०,००० तास". रोज तीन तास धरले तर अठरा वर्षं. पण तो आकडा असतो उजेड निम्मा होईपर्यंतचा, आणि फक्त लेझरचा. पंखा, सर्किट बोर्ड, आत शिरणारी धूळ आणि मे महिन्यातली खोली यांचा त्यात हिशोब नाही. जुना दिवा गेला तर स्क्रू खोलून नवा बसवता यायचा. लेझरचा भाग बहुतेक वेळा घरी बदलता येत नाही. म्हणून वॉरंटी किती, सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, आणि ईएमआय संपण्याआधी वॉरंटी तर संपत नाही ना, हे तिन्ही विचारा. पडद्याखाली ठेवायचं शॉर्ट थ्रो मॉडेल असेल आणि घरात लहान मूल असेल, तर कुणी वाकून भिंगात बघितल्यावर उजेड आपोआप कमी होतो का, हेही तपासा.

मग घ्यायचा का?

माझं मत स्पष्ट आहे. दिवे लावून, येता-जाता, जेवताना क्रिकेट आणि बातम्या बघणार असाल, तर तेवढ्या पैशांत मोठा टीव्ही घ्या. त्याचा काळा रंग खोलीच्या मेहेरबानीवर एवढा अवलंबून नसतो. पण खोली काळोखी करता येत असेल आणि चार-सहा माणसं एकत्र बसून बघणार असतील, तर पैसे या क्रमाने घाला. आधी जाड पडदे आणि भिंतीचा रंग, मग चांगला स्क्रीन, मग आवाज, आणि उरलेल्या पैशांत यंत्र. या क्रमाने गेलात, तर कदाचित तीन लाखांच्या यंत्राची गरजच पडणार नाही.

रॉबर्टसनकडे लेझर नव्हता, पटवर्धनांकडे फोर-के नव्हतं. दोघांनी आधी खोलीत काळोख केला आणि मग दिवा लावला. डेमो बघायला जाल तेव्हा दुकानदाराला पहिलं वाक्य हेच सांगा: "दिवे बंद करा." आणि त्यानंतर दुसरं: "आता सगळे चालू करा." दोन्ही वेळा जे दिसेल, त्यावर ठरवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा!