गळ्यांतील ग्रंथि व मनाचें मांद्य

गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग, आमच्या पठारावर त्याचें काय काम, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतहि दीर्घकाळ होती. ती खोटी ठरली. हिमालयाबाहेरील गलगंडग्रस्त प्रदेशांची नोंद होऊं लागली, तेव्हां तींत महाराष्ट्रांतून औरंगाबाद, म्हणजे आजचा छत्रपति संभाजीनगर, ह्या जिल्ह्याचें नांव आलें. समुद्राचें मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून ह्या भागांत पूर्वीं येत असे. पण साध्या समुद्री मिठांत आयोडीन नांवापुरतेंच असतें, आणि जमिनींत तें नसलें म्हणजे भाकरींतहि उतरत नाहीं.

सुश्रुतसंहितेंत गलगंडाचें वर्णन आहे. परंतु गांठ डोळ्यांना दिसते, तिच्यामागून येणारें मनाचें मांद्य दिसत नाहीं. त्याला आपण आळस म्हणतों, किंवा नशीब. ह्या दोहोंचा संबंध उघड झाला तो दूर स्वित्झर्लंडांत, व तोहि एका चुकीनें. बर्नचा शस्त्रवैद्य थिओडोर कोखर ह्यानें १८७४ त एका अकरा वर्षांच्या मुलीची थायरॉइड ग्रंथि समूळ काढली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. १८८३ त त्यानें तिला पुन्हां पाहिलें, तों तिची धाकटी बहीण चांगली वाढलेली तरुणी झालेली, आणि ही मात्र खुरटलेली व मंदबुद्धि! त्यानें आपले जुने रोगी तपासले. ग्रंथि समूळ काढलेल्या अठरांपैकीं सोळा जणांची हीच गत होती. कोखरनें हें जाहीरपणें सांगितलें व ती रीत सोडली. १९०९ त त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. मला त्याच्या हस्तकौशल्याहून हा कबुलीजबाब मोठा वाटतो.

पुढें १८९१ त इंग्लंडांत जॉर्ज मरे ह्यानें मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून अशा एका रुग्ण स्त्रीस पूर्ववत् केलें. म्हणजे बुद्धि गेलेली नव्हती, ती रसावांचून अडली होती. पण अडलें कोठें, हें शंभर वर्षें कळेना. जिवंत मेंदूंत डोकावणार कसें?

१९९० त सेइजी ओगावा ह्यांनीं दाखविलें कीं, रक्तांतील प्राणवायूच्या बदलावरून मेंदूचें काम चुंबकीय चित्रांत टिपतां येतें. १९९५ त भरत बिस्वाल ह्यांना आढळलें कीं, माणूस स्वस्थ पडला असतांहि मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयींत चालतात. हींच तीं मेंदूंतील जाळीं. थायरॉइडचा रस कमी पडलेल्या रोग्यांचीं अशीं चित्रें दिल्लीच्या इनमास संस्थेंतील संशोधकांनीं घेतलीं, तेव्हां कांहीं जाळ्यांतील परस्परसंबंध शिथिल झालेला दिसला. विसरभोळी, सुस्त म्हणून घरांत बोलणीं खाणाऱ्या एखाद्या काकूंच्या बाजूनें ही साक्षच म्हणावयाची.

प्रौढाचें बरेंचसें औषधानें सांवरतें. गर्भाचें तसें नाहीं. पहिले कांहीं महिने त्याचा मेंदु आईच्याच रसावर वाढतो, आणि तेथें राहिलेली उणीव मागाहून भरून निघत नाहीं. म्हणून मिठाचा प्रश्न. सरकारनें गलगंड-नियंत्रणाची योजना १९६२ त काढली; खाण्यासाठीं आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी केली ती १९९८ त. २००० त ती उठविली, व २००५ त पुन्हां बंदीचा निर्णय झाला. त्या मधल्या वर्षांत जन्मलेलीं मुलें आज महाविद्यालयांत असण्याच्या, नाहींतर कामाला लागण्याच्या वयाचीं आहेत.