कातकऱ्यांना चिकटलेलं विशेषण

लॅटिनमध्ये ‘प्रायमस’ म्हणजे पहिला. त्यातून इंग्रजीत ‘प्रिमिटिव्ह’ आलं, तेव्हा त्यात तुच्छता नव्हती. ख्रिस्ती धर्मपंडित सुरुवातीच्या चर्चला ‘प्रिमिटिव्ह’ म्हणत ते आदरानंच: मूळचं, म्हणून शुद्ध. एकोणिसाव्या शतकात मानववंशशास्त्रानं माणसांची उतरंड मांडली आणि हे विशेषण तळाला गेलं. एडवर्ड टायलर यांच्या १८७१ च्या गाजलेल्या ग्रंथाच्या नावात ते आहे. भारताच्या १९३१ च्या जनगणनेनं आदिवासींना तेच लावलं.

स्वातंत्र्यानंतर ते सरकारी योजनेत शिरलं. १९७० च्या दशकात केंद्रानं ‘प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप’ ठरवायला घेतले. निकष होते शेतीपूर्व तंत्र, अत्यल्प साक्षरता, थांबलेली किंवा घटती लोकसंख्या. महाराष्ट्रातून कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी निवडले गेले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचे कातकरी असे कागदोपत्री ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे सरकारी मराठीत ‘आदिम’ झाले.

खरं तर कातकरी हे नावच धंद्यावरून पडलेलं. खैराचा गाभा तासायचा, ढलप्या उकळायच्या, रस आटवून कात पाडायचा आणि विकायचा. विड्यानं तोंड रंगवणाऱ्या शहरी माणसाला हा माल पुरवणारे लोक आदिम कसे? १८७८ च्या कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, खैर हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या आणि मालकाची उचल. ही दैना पुरातन नव्हती. कायद्यानं आणि सावकारीनं आणलेली होती. त्यातही गंमत अशी की याच जव्हारात मुकणे या आदिवासी कोळी घराण्यानं सहा शतकं राज्य केलं.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली, तेव्हा राज्य हादरलं. इथल्या वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी या जमातींना ‘आदिम’ हा शिक्का नाही, पण भूक या भागात शिक्का पाहून येत नव्हती. मुंबई तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर.

२००६ मध्ये केंद्रानं ‘प्रिमिटिव्ह’ काढून ‘व्हल्नरेबल’ घातलं. याचंही मूळ लॅटिन, ‘व्हल्नस’ म्हणजे जखम. नवं विशेषण जास्त प्रामाणिक आहे, कारण जखम म्हटली की ती कोणी केली हा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या सरकारी मराठीत मात्र कातकरी अजून ‘आदिम जमात’च आहेत.