अर्थिंगचा अर्थ

'हे मॉड्यूल कुठे टाकायचं?' यावर आमच्या धंद्यात तासन्‌तास मीटिंगा चालतात. साठच्या दशकात इंग्लंडमधले हौशी लोक हाच प्रश्न हातात पाना घेऊन गॅरेजात सोडवत होते.

झालं असं की तिथे तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून कॉलिन चॅपमनच्या लोटसने १९६२ मध्ये आणलेली एलान संच म्हणूनही विकली. चासी पोलादी, बॉडी मात्र फायबरग्लासची. खरी गंमत इथेच!

पत्र्याच्या गाडीत दिव्याला एक वायर पुरते, परतीचा रस्ता पत्राच असतो. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणजे दिवा, हॉर्न बॉडीवर कुठेही बसवा, अर्थची वायर वेगळी ओढायलाच हवी. त्यात इंजिन पुढे आणि बॅटरी मागे डिकीत! ती एक जोडणी सैल राहिली की भर रात्री रस्त्यात दिवे मंद, आणि आपण बल्ब बदलत बसतो.

१ एप्रिल १९७३ ला व्हॅट आला, संचाची करसवलत संपली. धडा मात्र उरला: वस्तूची जागा ठरवण्याआधी परतीची वाट ठरवा. आम्ही एरर हँडलिंग सगळ्यात शेवटी लिहितो. असो!