गोणपाटावर शिवलेलं दुःख

आजची गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातली. देश दूरचा, पण सुई, दोरा आणि चिंध्या आपल्या ओळखीच्याच आहेत.

११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. जनरल पिनोशे सत्तेवर बसला. कामगार पुढारी, विद्यार्थी, साधी माणसं घरातून उचलून नेली गेली. बायका तुरुंगात, दवाखान्यात, शवागारात शोधत फिरल्या. उत्तर एकच मिळायचं, असा माणूस आमच्याकडे नाही.

आता विचार करा. माणूस मेला तर आपण रडतो, दिवस घालतो. पण तो आहे की नाही हेच कळलं नाही, तर रडायचं कसं? त्यात शेजारी बोलायला घाबरतात आणि घरातली कमाई बंद.

अशा बायकांना राजधानी सांतियागोमधल्या चर्चच्या लोकांनी १९७४ पासून एकत्र बसवलं. १९७६ पासून हे काम चर्चच्या 'विकारिया' या संस्थेनं पुढे नेलं. कापड विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून गोणपाट घेतलं, त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून चित्रं केली. गोणपाटाला तिथे 'आरपियेरा' म्हणतात, तेच या चित्रांचं नाव पडलं. कुणी हरवलेल्या मुलाच्या सदऱ्याचाच तुकडा लावला. कुणी रिकामी खुर्ची शिवली, कुणी वस्तीतली सामायिक चूल, कुणी बंद कारखान्याचं दार. मागे मात्र अँडीज पर्वत आणि वर सूर्य.

हात चालू लागले, तशी तोंडं उघडली. प्रत्येकीला वाटत होतं, आपलंच नशीब फुटकं. शेजारणीचं चित्र पाहिल्यावर कळलं, हे नशीब नाही, हा अन्याय आहे. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. "विसर आता" असं त्यांना कुणी म्हणालं नाही. मन सावरणं आणि न्याय मागणं ही दोन्ही कामं एकाच टाक्यात झाली.

संस्था ही चित्रं विकत घेऊन परदेशात पाठवायची. घरात चार पैसे आले आणि जगाला खरी बातमी कळली. सरकारच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी 'देशाची बदनामी' म्हणून ओरड केली. बायका थांबल्या नाहीत. १९७९ साली बेपत्ता माणसांच्या घरच्या बायकांनी संसदेच्या फाटकाला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं.

१९८८ च्या मतदानात लोकांनी पिनोशेला नाकारलं, १९९० मध्ये त्याची राजवट संपली. पण हजारावर माणसं आजही सापडलेली नाहीत. शिवणानं माणूस परत आला नाही. ज्या राहिल्या, त्या मात्र एकट्या पडल्या नाहीत.

आपणही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतो. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब होतो, मनाचा राहून जातो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुना तुकडा आणावा. सांगायचं असेल तिनं सांगावं, नसेल तिनं नुसतं शिवावं. ऐकलेलं गटाबाहेर जाऊ नये. आणि एखादीला झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टाक्यांवर भागवू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, त्यावर फोन करा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

येते मैत्रिणींनो. तुकडा विसरू नका.