विमानतळावरील कर्मचाऱ्यांचे संसर्गापासून संरक्षण

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किवळे येथे संपतो आणि तेथून रावेत, निगडी, वाकडकडे वाहने पांगतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी घेऊन येणाऱ्या टॅक्सींचा हा नेहमीचा रस्ता. दुबईहून मुंबईला उतरून टॅक्सीने पुण्यात आलेल्या दांपत्याला कोरोनाची लागण झाल्याचे ९ मार्च २०२० रोजी निष्पन्न झाले. ते राज्यातील पहिले रुग्ण. दुसऱ्याच दिवशी बाधितांमध्ये त्यांच्या टॅक्सीचालकाची भर पडली. एप्रिलच्या आरंभी मुंबई विमानतळावर तैनात असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे ११ जवान बाधित आढळले. विमानतळावरील आरोग्य यंत्रणा मुख्यतः देशात रोग शिरू नये म्हणून उभारलेली असते. प्रवाशाच्या सर्वांत निकट जाणाऱ्या कर्मचाऱ्याचे रक्षण हा स्वतंत्र विषय आहे.

तपासणीची मर्यादा

शरीराचे तापमान मोजणारे यंत्र फक्त ताप ओळखते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत फ्लूमध्ये साधारण १ ते ४ दिवस जातात, कोरोनामध्ये २ ते १४ दिवस. या काळातील प्रवासी यंत्रापुढून सहज निघून जातो. २००९ मध्ये विमानतळांवर तपासणी सुरू असूनही स्वाइन फ्लू पुण्यात पोहोचला आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये या आजाराने झालेल्या देशातील पहिल्या मृत्यूची नोंद याच शहरात झाली. तपासणीत कोणी सापडले नाही, म्हणून कर्मचाऱ्याने निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

धोका कोठे?

उड्डाणकाळात आधुनिक प्रवासी विमानातील हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते आणि पुन्हा वापरली जाणारी हवा ‘हेपा’ गाळणीतून जाते. ही गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. मात्र विमान जमिनीवर असताना हवा-पुरवठा बंद राहिला, तर हा लाभ मिळत नाही. प्रवाशांची चढ-उतार आणि सफाई नेमकी याच वेळी होते. म्हणून विमान उभे असतानाही हवा खेळती ठेवणे, हा सफाई कामगारांसाठी मुखपट्टीइतकाच महत्त्वाचा उपाय ठरतो.

प्रत्यक्ष खबरदारी

* प्रवासी आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा एकाच केबिन कर्मचाऱ्याकडे सोपवावी. शक्य असल्यास त्या प्रवाशासाठी वेगळे स्वच्छतागृह राखावे आणि त्याला मुखपट्टी द्यावी.
* वैमानिकाने उतरण्यापूर्वीच विमानतळाला सूचना द्यावी. १५ जून २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत तशी तरतूद आहे. ही सूचना आरोग्य अधिकाऱ्यापाशीच न थांबता सफाई कामगार व सामान हाताळणाऱ्यांपर्यंत पोहोचली पाहिजे.
* रक्त किंवा उलटी सांडल्यास झाडू अथवा हवेचा झोत वापरू नये. हातमोजे, मुखपट्टी व अंगरखा घालून शोषक पूड टाकावी, मग जागा निर्जंतुक करावी.
* गोवर आणि हिपॅटायटिस-बी यांच्या लसीकरणाची खातरजमा करावी, फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत जाणाऱ्यांनी त्याची लस किमान १० दिवस आधी घ्यावी. जुलै २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य आहे.
* उघड्यावर काम करणाऱ्यांना डेंगी, हिवतापाचाही धोका असतो. विमानतळाभोवतीचा किमान ४०० मीटरचा पट्टा डासमुक्त ठेवण्याची अपेक्षा त्याच नियमावलीत आहे.

रजा हाही उपायच

ताप असतानाही कामगार कामावर येतो, तो बहुधा रोजगार बुडू नये म्हणून. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाकाठी कमाल ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कंत्राटी कामगारही या योजनेत येतात आणि त्यांच्या वर्गणीची जबाबदारी मूळ आस्थापनेवर असते. नोकरीत लागतानाच विमा क्रमांक मागून घ्यावा. पिंपरी-चिंचवडकरांसाठी या योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगर येथे आहे. स्वतःची गाडी चालविणारा टॅक्सीचालक मात्र या छत्राबाहेर राहतो. त्याच्या हाती खिडक्या उघड्या ठेवणे, मुखपट्टी आणि लस एवढेच उपाय उरतात. विमानतळाच्या आरोग्य नियोजनात त्याचा समावेश होणे अगत्याचे आहे.